कोकणातली शाळा, मॉरिशसची शाळा : वारशाचा एकत्र प्रकल्प कसा करायचा, पहिल्या मेलपासून शेवटच्या फाईलपर्यंत

परदेशातल्या शाळेबरोबर "सांस्कृतिक देवाणघेवाण" करायची म्हटलं की आपल्याकडे ठरलेला कार्यक्रम असतो. मुली नऊवारी नेसून कोळीगीतावर नाचतात, तिकडची मुलं त्यांचं काहीतरी दाखवतात, दोन्हीकडचे मुख्याध्यापक बोलतात, स्क्रीनशॉट निघतो आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात बातमी. त्यात वाईट काही नाही, पण त्या मुलांना महिन्याभरानं विचारलं की काय कळलं तर "छान वाटलं" यापलीकडे उत्तर येत नाही. कारण त्यांना काम काही दिलेलंच नसतं, फक्त दाखवायला सांगितलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की दोन देशांतल्या मुलांना एकत्र आणायचं तर असं काम शोधा जे एका बाजूला पूर्ण होऊच शकत नाही. अर्धी माहिती त्यांच्याकडे, अर्धी आपल्याकडे, म्हणजे मग मुलं आपोआप एकमेकांना विचारतात, वाट बघतात, उत्तर उशिरा आलं तर चिडतात सुद्धा. कोकणातल्या शाळांसाठी असं एक काम अगदी तयार आहे आणि ते मॉरिशसमधल्या मुलांबरोबर करता येतं. ते कसं करायचं ते खाली सविस्तर लिहितेय, तुमचा जिल्हा आणि देश वेगळा असला तरी पद्धत तीच वापरता येईल.

मॉरिशसच का

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करायचा कायदा झाला आणि मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ ला ती प्रत्यक्ष संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून ती संपायच्या थोडं आधीच हिंदुस्थानातून करारावर माणसं न्यायला सुरुवात झाली, हाच तो गिरमिट. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस नावाचं जहाज कलकत्त्याहून आलेल्या मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागलं आणि पुढे १९२० पर्यंत जवळजवळ ५ लाख माणसं या बेटावर उतरली. बहुतेक बिहार आणि आताच्या उत्तर प्रदेशाकडची, पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांत रत्नागिरीकडची, एकूण कोकणातली बरीच माणसं होती. जिथे ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. मोठा भव्य वगैरे काही नाही बरं का, दगडी भिंती, स्वयंपाकघराचे आणि दवाखान्याचे अवशेष आणि १६ पायऱ्या, ज्या चढून माणसं आत जायची.

त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात. मराठी तिथल्या शाळांत शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि पहिला गणपती १८९६ साली हेन्रिएटा गावात बसला असं सांगतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गणपतीत तिथे झाकरी नाचतात, म्हणजे आपली जाखडीच, गाण्या-ढोलकीवर गोल करून नाचायचा कोकणातला नाच. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा जाखडी काय ते, तो तिथेच पाय आपटून दाखवेल.

मग काम कुठलं

मॉरिशसमध्ये मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे उतरलेल्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्यात. माणसाचं नाव, वय, गाव, कुठल्या जहाजानं आला वगैरे. वंशज तिथून आपल्या खापर-खापरपणजोबांच्या नोंदीचा उतारा घेतात, आणि २०२४ मध्ये तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) देण्याची सवलत जाहीर झाली, त्यामुळे असे कागद घरात असणं आता नवलाचं नाही. अडचण अशी की लिहिणारा कारकून इंग्रजी कानानं ऐकून लिहायचा. त्या काळच्या इंग्रजी कागदांत रत्नागिरीचं "रटनाघेरी" होतं, चिपळूणचं "चिप्लून". मोठ्या गावांचं ठीक आहे, ती ओळखता येतात, पण एखाद्या वाडीचं किंवा कोंडाचं नाव असं वाकडं झालं की मॉरिशसमधल्या कुटुंबाला ते कळायला काही मार्गच नाही. आडनावावरून शोधावं तर तेही नाही, कारण तिथे बऱ्याच घरांत मूळ पुरुषाचं पहिलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं.

आणि इथे आपली मुलं कामाला येतात. इंग्रजीत ळ नाही, ण नाही, त आणि ट एकाच अक्षरानं लिहितात, शेवटचा अनुस्वार उडतो, हे आठवीतल्या मुलाला समजावलं की तो ते नाव पाच प्रकारे मोठ्यानं म्हणून बघतो आणि एकदम ओरडतो, अरे हे तर आमच्या मामाचं गाव! मग लगेच खूश व्हायचं नाही, तपासायचं. एकाच नावाची गावं कोकणात ढिगानं आहेत. तालुका लिहिलाय का, जिल्हा लिहिलाय का? जुना रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा नाही, सिंधुदुर्ग १९८१ ला वेगळा झाला, त्याआधी सगळं एकच, आणि सावंतवाडी तर संस्थानच होतं. म्हणून उत्तर नेहमी तीन खणांत लिहायला लावा: "बहुतेक हेच", "यांपैकी एखादं" आणि "कळत नाही". तिसरा खण रिकामा असेल तर मुलांनी अंदाज ठोकलेत असं समजा आणि परत बसवा.

आधी आपल्या गावात (जून-जुलै)

परदेशी मुलांना भेटायच्या आधी महिना दीड महिना फक्त आपल्या गावात काम करा, ही पायरी गाळू नका. आठवी-नववीची १२ ते १५ मुलं घ्या, दहावीला नको, क्लास आणि बोर्डाच्या टेन्शनमध्ये पालक सोडणार नाहीत आणि ते बरोबरच आहे.

पहिला प्रश्न घरी विचारायचा: आपल्या घरातलं कामासाठी पहिल्यांदा बाहेर कोण गेलं, कधी, कसं आणि बरोबर काय घेऊन? कोकणात या प्रश्नाला प्रत्येक घरात उत्तर आहे. कुणाचे आजोबा लालबाग-परळला गिरणीत, कुणाचे बोटीवर, कुणाचे वडील आखातात. ट्रंकेत काय होतं, पहिली मनीऑर्डर कितीची, खोलीत किती जण झोपायचे, गणपतीला यायला रजा मिळाली नाही तर काय करायचे. हे ऐकून आलेल्या मुलाला गिरमिट वेगळा समजावून सांगावा लागत नाही, त्याला माणूस घर सोडतो म्हणजे काय ते माहीत झालेलं असतं.

दुसरं काम जाखडीचं. गावातले शाहीर, ढोलकीवाले, जुने नाचे यांना भेटायचं. गणपतीच्या आधी तालमी सुरू असतातच, तेव्हा जा. मुलांना नुसतं शूटिंग करू देऊ नका, मोबाईल धरला की मुलं बघायचं थांबवतात. आधी तालीम नुसती बघायची आणि वहीत लिहायचं: गाणारे-वाजवणारे मध्ये की बाजूला, गोल कुठल्या दिशेनं फिरतो, चाळ (घुंगरू) कुठल्या पायात, पहिलं गाणं कशाचं, शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचा सवाल-जवाब कसा चालतो, बायका नाचतात का, कधीपासून. मग दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग. ही यादी पुढे जशीच्या तशी मॉरिशसला पाठवायची आहे, तिकडची मुलं त्यांच्या झाकरीवर तेच प्रश्न विचारतील.

आणि शाहिरांना आधीच स्पष्ट विचारा की हे गाणं तुमचं आहे का, बाहेर दाखवलं तर चालेल का, यूट्यूबवर टाकलेलं चालेल का. हे तीन वेगळे प्रश्न आहेत. कित्येक शाहीर पहिल्या दोनांना हो म्हणतात आणि तिसऱ्याला नाही, कारण बाऱ्यांमध्ये, म्हणजे दोन मंडळांच्या सामन्यांत, गाणी चोरीला जातात. त्यांचं नाही म्हणजे नाही.

जोडीदार शाळा कशी शोधायची

तीन रस्ते आहेत. पहिला, थेट मराठी माणसांचा: मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन आणि मॉरिशस मराठी कल्चरल सेंटर ट्रस्ट, यांच्याकडे शाळांत मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांची ओळख असते. दुसरा, युनेस्कोचं सहयोगी शाळांचं जाळं, १९५३ पासून चालू आहे, दोन्ही देशांत सभासद शाळा आहेत, पण त्यात नाव नोंदवायचं तर राष्ट्रीय आयोगामार्फत जावं लागतं आणि वेळ लागतो. तिसरा म्हणजे आयअर्न सारखं शाळाशाळांचं ऑनलाइन नेटवर्क, जे १९८८ पासून आहे आणि शिक्षकाला शिक्षक शोधायला बरं पडतं. मला पहिला रस्ता सगळ्यात आवडतो, कारण तिथे तुम्हाला संस्था नाही, माणूस सापडतो. प्रकल्प कधीही दोन शाळांचा नसतो, तो दोन शिक्षकांचा असतो, ते दोघं टिकले तर प्रकल्प टिकतो.

पहिला मेल छोटा लिहा. लोक दोन पानांचं निवेदन पाठवतात, त्यात शाळेची स्थापना, निकालाची टक्केवारी, ट्रस्टींची नावं, समोरचा माणूस ते वाचत नाही. साधारण असं पुरे:

"नमस्कार, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात आठवी-नववीला इतिहास शिकवते. आमच्या गावात गणपतीत जाखडी होते आणि तुमच्याकडे झाकरी होते असं वाचलं. आमची १२ मुलं आणि तुमची १२ मुलं मिळून सहा आठवडे दोन गोष्टी करू शकतील असं वाटतं: दोन्ही नाच शेजारी ठेवून बघणं आणि ज्या कुटुंबांची इच्छा असेल त्यांच्या जुन्या नोंदीतली कोकणातली गावं ओळखायला मदत करणं. पैशांची गरज नाही. कोणाला प्रवास करायचा नाही. तुम्हाला रस असेल तर आधी आपण दोघं अर्धा तास बोलूया का?"

मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही पाठवा. तिकडच्या मुलांची घरची बोली बहुतेक क्रिओल (फ्रेंचमधून तयार झालेली तिथली बोली) असते, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, मराठी ही शिकलेली भाषा, त्यामुळे आपल्या मुलांना आधीच बजावून ठेवा की त्यांचं मराठी ऐकून हसायचं नाही आणि आपल्या इंग्रजीची लाज वाटून गप्प बसायचं नाही.

वेळेचं गणित

मॉरिशस आपल्या दीड तास मागे आहे आणि हे वर्षभर तसंच राहतं. म्हणजे आपल्याकडे दुपारचे १२ तर तिकडे साडेदहा. दोन्ही शाळा भरलेल्या असताना कॉल होऊ शकतो, हे युरोप-अमेरिकेबरोबर जमत नाही, तिथे मुलांना रात्री जागवावं लागतं. फक्त शैक्षणिक वर्ष वेगळं आहे, त्यांचं जानेवारीला सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुमारास संपतं. आपलं जूनमध्ये सुरू. म्हणून दोघांना जमणारा काळ ऑगस्ट ते ऑक्टोबर, तारखा समोरच्या शिक्षकाबरोबर बसून पक्क्या करा. त्यात मध्ये गणपती येतात, ते तर हवंच आहे. आपल्याकडे गणपतीची सुट्टी, चाकरमानी आलेले, घर भरलेलं, त्या आठवड्यात कॉल ठेवू नका, मुलांना फक्त बघायचं आणि टिपायचं काम द्या.

परवानग्या आणि पैसे

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांना माहितीसाठी अर्ज, एवढं जुलैमध्येच उरकून घ्या. पालकांचं संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, आणि त्यात वेगवेगळे चौकोन: मूल कॉलवर दिसलं तर चालेल का, आवाज रेकॉर्ड केला तर चालेल का, फोटो छापला तर चालेल का, नाव द्यायचं का. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, तेव्हा "सगळ्यांचं आहे हो म्हणणं" असं चालणार नाही.

पैशांचं मात्र नीट ऐका. तिकडचं एखादं मंडळ प्रेमानं म्हणेल आम्ही तुमच्या शाळेला प्रोजेक्टर घ्यायला पैसे पाठवतो. घेऊ नका. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावी लागते. शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यात तर अजिबात नको. हा प्रकल्प बिनपैशाचा आखा, दोघांनी आपापला खर्च करायचा. खर्च तरी काय, छपाई, थोडा डेटा, शाहिरांचा मान म्हणून काहीतरी.

सहा आठवडे कसे चालवायचे

पहिल्या आठवड्यात ओळख, पण भाषणं नकोत. प्रत्येक मुलानं घरातल्या एका वस्तूचा फोटो आणि एक मिनिटाचा आवाज पाठवायचा, ही कुठून आली, कोण वापरायचं. आपल्याकडून पाटा-वरवंटा, ट्रंक, गिरणीचा बिल्ला येईल, तिकडून काय येईल ते मुलांनाच बघू दे.

दुसरा आणि तिसरा आठवडा नाचाचा. दोन्ही व्हिडिओ आवाज बंद करून बघायचे, मग आवाज लावून. आवाज बंद केला की मुलं पाय बघतात, नाहीतर गाण्यात अडकतात. मग मगाची प्रश्नांची यादी दोन रकान्यांत. काय सारखं, काय बदललं, आणि बदललं ते का असावं. इथे शिक्षकांनी एक पथ्य पाळा: "आमचं खरं, तुमचं बिघडलेलं" असा सूर एकदाही येऊ देऊ नका. दीडशे वर्षं समुद्रापलीकडे ज्यांनी हा नाच टिकवला त्यांच्याकडे कदाचित अशी एखादी चाल असेल जी आपल्या गावात विसरली गेली. आणि आपल्याकडची जाखडी तरी कुठे तशीच राहिलीय, आता त्यात बेंजो आहे, सिनेमाच्या चाली आहेत.

चौथा-पाचवा आठवडा नोंदींचा. नोंदवह्या मुलांसाठी सरसकट उघड्या नाहीत असं धरून चाला, ज्या कुटुंबाकडे उतारा आहे आणि जे स्वखुशीनं देतात तेवढेच घ्या, चार-पाच पुरतात. उताऱ्यात जात लिहिलेली असू शकते. हे आधी दोन शिक्षकांनी आपसात बोलून ठरवायचं. माझं मत असं की गाव शोधायला जात लागत नाही, तेवढा भाग झाकून मुलांना द्या, आणि मुलांनी विचारलंच तर टाळू नका, त्या काळी कारकून ती का विचारायचे हे सांगा. गाव ओळखल्यावर त्या गावात जाऊन "तुमचे नातेवाईक मॉरिशसला आहेत" असं दार वाजवायचं नाही. जमिनीचे वाद, हक्क, जुनी भांडणं, काय निघेल सांगता येत नाही. गावाचं नाव कुटुंबाला कळवणं इथे आपलं काम संपतं. ज्यांना आणखी खोलात जायचंय त्या मोठ्यांना मुंबईतल्या राज्य पुराभिलेखागाराचा रस्ता दाखवा, मुंबई इलाख्याची जुनी कागदपत्रं तिथे आहेत.

सहाव्या आठवड्यात लिहिणं आणि एकमेकांना दाखवणं.

कॉलबद्दल थोडं. २४ मुलं एका स्क्रीनवर आणली की दोन हुशार मुलं बोलतात आणि बाकीची हात हलवतात. चार-चारचे गट करा, प्रत्येक गटाचा २० मिनिटांचा कॉल, एक शिक्षक बाजूला बसलेला. खेड्यात रेंज जाणारच, म्हणून मुख्य गाडी व्हॉइस नोटवर चालवा आणि कॉल वरचा बोनस समजा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फक्त शिक्षक, मुलांचे नंबर एकमेकांना द्यायचे नाहीत, कितीही मागितले तरी.

अवघड जागा

तिकडच्या वर्गात फक्त मराठी मुलं नसतील. भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मुस्लिम, चिनी घरांतली असतील आणि ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून, मादागास्करहून गुलाम म्हणून आणले गेले अशी क्रिओल मुलंही असतील. त्या मुलांकडे नोंदवहीत गाव सापडण्याची शक्यता नाही, कारण त्यांच्या पूर्वजांचं गाव कुणी लिहून ठेवायची तसदीच घेतली नाही. त्या मुलाला या प्रकल्पात जागा हवी. ल मॉर्न नावाचा डोंगर आहे, पळून गेलेल्या गुलामांच्या आठवणीचा, तो २००८ मध्ये जागतिक वारसा झाला. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर, दोन्ही दिवशी त्या देशात सुट्टी असते. आपल्या मुलांना दोन्ही तारखा शिकवा, नुसती आपली नाही. ल मॉर्नवर त्या मुलांनी आपल्या मुलांना एक पाठ द्यावा असं सुचवा, बहुतेक शिक्षक आनंदानं हो म्हणतील.

आणि गिरमिटाची गोष्ट "आपल्या लोकांनी कष्टानं स्वर्ग उभारला" अशी गोड करून सांगू नका. फसवणूक होती, मार होता, गैरहजेरीला पगार कापायचे, बोटीवर माणसं मरायची. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे कळतं आणि पेलतंही, फक्त ते सांगितल्यावर घंटा होऊन तास संपलेला नसावा, बोलायला वेळ ठेवा.

शेवटी हातात काय

एक पुस्तिका, २०-२४ पानं, मराठी आणि इंग्रजी, जमलं तर क्रिओलमध्ये एखादं पान. त्यात वस्तूंचे फोटो, नाचाचे दोन रकाने, गावांचा नकाशा (कुटुंबांची नावं न देता) आणि "कळत नाही" वाला खण सुद्धा. छापील प्रती शाळेत, ग्रामपंचायतीत, गावच्या वाचनालयात आणि प्रत्येक शाहिराच्या घरी. शाहिराला प्रत हातात नेऊन द्या, मुलांनीच.

प्रवासाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी विषयच काढू नका. तिकिटाची चर्चा सुरू झाली की कोण जाणार यावर पालकांत, शिक्षकांत, ट्रस्टींत रुसवे सुरू होतात आणि काम बाजूला राहतं. दोन-तीन वर्षं चाललं तर एखाद्या शिक्षकानं जाऊन यावं.

रेकॉर्डिंगच्या फाईलींना नाव देताना तारीख, गाव, काय आहे ते, आणि संमती कशाची आहे ते नावातच लिहा, उदाहरणार्थ "जाखडी तालीम, फक्त वर्गात". एक प्रत शाळेच्या हार्ड डिस्कवर, एक शाळेच्या नावानं काढलेल्या ड्राइव्हवर, शिक्षकाच्या स्वतःच्या जीमेलवर नाही, कारण बदली होते. ड्राइव्हचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवा, आणि एप्रिलमध्ये निकाल लागायच्या आधी आठवीतल्या चार मुलांना सगळं उघडून दाखवा, पुढच्या जूनमध्ये नव्या मुलांना तीच शिकवतील.